सांगाडा एकाचा, अंग दुसऱ्याचं



देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांची गाडी आठवते का? डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ ज्याच्या त्याच्या मोबाइलवर फिरत होता. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं हे गाव. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून आम्ही शाळेत ते शिकवायचो. तिथं या गृहस्थांनी भंगारातले भाग जमवून, मुलाच्या हौसेखातर, साठेक हजार रुपयांत चारचाकी उभी केली. तोंड जीपसारखं आणि सुरू करायची ती स्कूटरसारखी किक मारून! आनंद महिंद्रांनी तो व्हिडिओ पाहिला, कौतुक केलं आणि सांगितलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील, तेव्हा ती आम्हाला द्या आणि बदल्यात बोलेरो घ्या. लोहार कुटुंब आधी तयार नव्हतं अशा बातम्या आल्या. घरात आलेली पहिली लक्ष्मी अशी कोणी देऊन टाकतं का? शेवटी जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो दारात आली आणि किकची गाडी कंपनीकडे गेली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. उद्योगपतींनी मोठं मन दाखवलं यात शंका नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. त्या गाडीची परीक्षा कोणी घेतली का? ब्रेक लागतो का, किती फुटांत थांबते, वळणावर कलंडते का, हे कोणी बघितलं का? चाळीस वर्षं पेपर तपासण्यात गेलेल्या माणसाला हाच प्रश्न पडणार. पोराला बक्षीस दिलं, त्याची वही कपाटात शोभेला ठेवली, पण वही तपासलीच नाही, असं काहीसं झालं हे. नापास झाली असती तर नापास म्हणा ना! कुठं चुकलं ते तरी त्या माणसाला कळलं असतं.

हा विषय आत्ताच का काढला? आमच्या पुतण्याचा मुलगा. तो नांदेडला असतो, आयटीआय केलंय, मोटार मेकॅनिक. मला नाना म्हणतो. महिन्यापूर्वी लातूरला आला आणि चहा घेता घेता म्हणाला, "नाना, मी गाडी बनवायलोय." अर्धापूरकडे नात्यातल्या एकाच्या शेतात जुनी महिंद्राची जीप उभी आहे. टप बऱ्यापैकी, इंजिन गेलेलं, चेसिसला गंज. (मिस्त्री लोक चासी म्हणतात, मलाही तोच शब्द तोंडात बसतो.) दुसरीकडे लष्कराच्या लिलावातून कोणीतरी घेतलेली एक जिप्सी त्याच्या पाहण्यात आहे. तिचा पत्रा सडलाय पण इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही ॲक्सल ठणठणीत. जिप्सीची चासी घ्यायची आणि तिच्यावर जीपचं अंग बसवायचं. दीड-दोन लाखांत फोर बाय फोर. नवी घ्यायला गेलं तर दहा लाखांच्या पुढं.

आता ज्यांना यातलं काही माहीत नाही (आमच्या पुण्याच्या ताईसाठी हे!) त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडीचे दोन प्रकार. एकात खाली पोलादाचा शिडीसारखा सांगाडा असतो, त्यावर इंजिन, चाकं, पाटे सगळं बसतं आणि वरचं अंग बोल्टांनी, मध्ये रबरी बुश घालून, नुसतं ठेवलेलं असतं. जीप, जिप्सी, बोलेरो, ट्रक, बस सगळे या जातीचे. दुसऱ्या प्रकारात वेगळा सांगाडाच नसतो, पत्र्याचं अंग हाच सांगाडा. मारुती ८०० तशी. तिचं अंग काढून दुसरीवर ठेवतो म्हणणं म्हणजे अंड्याचं कवच काढून दुसऱ्या अंड्यावर चढवण्यासारखं. म्हणून हे असले उद्योग जीपवरच होतात. हरियाणात मंडी डबवाली गाव याच कामासाठी प्रसिद्ध आहे. अमेरिकेत १९६४ च्या सुमारास ब्रूस मेयर्स नावाच्या माणसानं फायबरचं अंग तयार केलं आणि लोकांनी जुन्या फोक्सवॅगन बीटलचा तळ आखूड करून त्यावर ते बसवलं. वाळूत पळणाऱ्या त्या गाड्यांची जगभर नक्कल झाली.

आणि लांब कशाला जाता, आपली एसटी घ्या. एसटी महामंडळ टाटा किंवा लेलँडची नुसती चासी विकत घ्यायचं आणि अंग चढवायचं दापोडी, चिकलठाणा, हिंगण्याच्या आपल्या कार्यशाळांत. काही वर्षांपूर्वी तर जुन्या परिवर्तन गाड्यांचं ॲल्युमिनियमचं अंग उतरवून त्याच चासीवर पोलादी अंग चढवण्याचं काम याच कार्यशाळांनी केलं. आमच्या लातूरच्या रेल्वे कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचं कवच तयार झालं. तिथंही तेच, खाली बोगी वेगळी, वर डबा वेगळा. ज्या महिंद्रांनी लोहारांना बोलेरो दिली त्यांच्या कंपनीची मोटारींतली सुरुवात तरी कशी झाली? १९४७ च्या सुमारास मुंबईत परदेशी विलीज जीपचे सुटे भाग जोडूनच की!

तेव्हा सांगाडा एकाचा आणि अंग दुसऱ्याचं, यात मुळात पाप काहीच नाही. फरक इतकाच की एसटीच्या कार्यशाळेत नकाशा असतो, कसोटी असते, सही करणारा इंजिनिअर असतो.

मी मुलाला म्हटलं, आधी मापं आण. त्यानं आणली. जुन्या जीपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. लांब जिप्सीचं २३७५. फरक ३४३ मिलिमीटर, साडेतेरा इंच! शाळेतली फूटपट्टीसुद्धा अपुरी पडते. म्हणजे एक तर जीपचं अंग वाढवायचं, नाहीतर चासी मध्ये कापून जोडायची. कापणं सोपं, गल्लीतला वेल्डरही कापून देईल. पण तो जोड पुढं खड्ड्यात, भरल्या वजनानं, दहा वर्षं टिकायला हवा. तो तुटला तर सूचना देऊन तुटत नाही. शिवाय स्टिअरिंगचा दांडा वाकडा येतो, ब्रेकचे पाइप पुन्हा ओढावे लागतात, इंजिनापासून मागच्या चाकापर्यंतचा शाफ्ट आखूड करून पुन्हा तोलावा लागतो. पोरगं हुशार आहे, हे सगळं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. "होतंय नाना," म्हणतो. होईलही. नांदेड-लातूर रस्त्यावर ऊसतोडीच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर चालतात, त्यांच्यामध्ये ही गाडी उभी राहायची आहे, एवढंच माझं म्हणणं.

पण खरी अडचण लोखंडात नाही, कागदात आहे. आपल्याकडे गाडीची ओळख म्हणजे चासी नंबर. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कारखान्यानं दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी होईल अशी गाडी मालकानं बदलायची नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. सीएनजीचं मान्यताप्राप्त किट, परवानगी घेऊन त्याच बनावटीचं दुसरं इंजिन, अपंगांसाठी केलेले बदल, यांना वाट ठेवली आहे. जिप्सीवर जीपचं अंग मात्र त्यात बसत नाही.

मग पोरं काय करतात? जीपची कागदं घेतात आणि जिप्सीच्या चासीवर जीपचा नंबर ठोकतात. हे ऐकलं आणि माझा आवाज चढला. ही हौस नव्हे, खोटा दाखला आहे. पंधरा वर्षं वय चोरून शाळेत नाव घालणारे पालक मी पाहिलेत, त्यातलाच प्रकार. आणि उद्या कोणाला धक्का लागला तर? विमा कंपनी पहिल्यांदा चासी नंबर बघणार. ज्याचा पाय मोडला त्यानं भरपाई कोणाकडे मागायची?

इथपर्यंत कायद्याची बाजू मला पटते. पुढं पटत नाही. "करू नका" एवढंच सांगून तो थांबतो. नवी गाडी रस्त्यावर आणायची तर नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. १९६६ सालची संस्था, काम चोख. पण ही सगळी रचना हजारो गाड्या काढणाऱ्या कारखानदारांसाठी. आयुष्यात एकच गाडी बनवणाऱ्या लोहारानं किंवा माझ्या नातवानं कोणत्या दारात उभं राहायचं? ब्रिटनमध्ये घरी बनवलेल्या एकट्या गाडीचीही तपासणी होते. निरीक्षक ब्रेक, दिवे, धूर, पट्टे, टोकदार कडा सगळं बघतो, नापास केलं तर कारणं लिहून देतो, दुरुस्त करून पुन्हा आणता येते. जिचं वय ठरवता येत नाही तिला 'क्यू' अक्षराचा नंबर देतात, म्हणजे विकत घेणाऱ्यालाही कळतं की ही जुळवलेली गाडी आहे. जर्मनीतही एकेका गाडीतले बदल तपासून कागदावर चढवतात. या देशांना सुरक्षेची काळजी आपल्यापेक्षा कमी आहे असं कोण म्हणेल?

'जुगाड' हा शब्द मला आवडत नाही, खरं सांगतो. तो शब्द वापरला की करणाऱ्याला शाबासकी मिळते आणि बघणाऱ्याची जबाबदारी संपते. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींचं उदाहरण बघा. स्वातंत्र्याच्या आसपास त्यांनी 'मीरा' नावाची छोटी, स्वस्त गाडी करायला घेतली आणि सत्तरच्या दशकापर्यंत एकामागून एक नमुने काढले. गाडी बाजारात आलीच नाही. आता तिचे फोटो फिरतात आणि आपण हळहळतो. पंचवीस-तीस वर्षं एखादा माणूस एकाच गोष्टीमागे असतो तेव्हा त्याला हळहळीचा काय उपयोग?

आणि यात आम्हा शिक्षकांचाही वाटा आहे, तो का लपवायचा? आमचं लातूर पॅटर्नसाठी ओळखलं जातं. डॉक्टर झाले, इंजिनिअर झाले, अभिमान आहेच. पण कार्यानुभवाच्या तासाला काय चालायचं आपल्या शाळांत? कागदाची फुलं आणि पुठ्ठ्याची फाइल. नाहीतर गणिताचा जादा तास. ज्या लेकराला सायकलचं फ्रीव्हील उघडून परत बसवता यायचं, त्याला त्याबद्दल एक गुण मिळाल्याचं मला आठवत नाही. गुणपत्रिकेत त्या हाताला रकानाच नव्हता, आणि आरटीओच्या अर्जातही नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. प्रत्येक महसूल विभागात एक ठिकाण असावं. मराठवाड्यासाठी म्हणाल तर संभाजीनगरला, नाहीतर नांदेडला. वर्षातून काही ठरावीक दिवशी घरी जुळवलेली गाडी तिथं न्यावी, चासीचा आणि अंगाचा मूळ कागद दाखवावा, फी भरावी, परीक्षा द्यावी. वेल्डिंगचा जोड यंत्रानं तपासावा. पास झाली तर वेगळ्या नंबराची, वेगमर्यादा घातलेली नोंदणी. नापास झाली तर कारणांचा कागद, आणि गाडी शेताच्या बाहेर नाही. चार खोटे नंबर ठोकले जातात ते तरी थांबतील.

काही जण म्हणतील, नाना, आहे त्या आरटीओत एजंटाशिवाय पान हलत नाही, तिथं हे नवं दार उघडलं तर आणखी एक दुकान होईल. मुद्दा खोटा नाही. पण दार बंद आहे म्हणून मागच्या भिंतीवरून उड्या मारणं थांबलंय का? थांबलेलं नाही, हे कुठल्याही गॅरेजात तासभर बसलं की कळतं.

असो. मुलाशी तूर्त तडजोड झाली आहे ती अशी. जिप्सीचा नाद सोडायचा. अर्धापूरच्या जीपचीच चासी उतरवायची, गंज किती खोल गेलाय ते ठोकून बघायचं. वाचत असेल तर तिच्यावरच तिचंच टप दुरुस्त करून बसवायचं. इंजिन त्याच बनावटीचं, पावतीचं, आणि बदलण्याआधी आरटीओची लेखी परवानगी. साडेतेरा इंचांचा प्रश्नच मिटतो. तो फारसा खूश नाही. "यात बनवलं काय मग, नाना? हे तर रिपेरिंग झालं," म्हणाला. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

जीपचं आरसी बुक मूळ मालकाच्या नावावर आहे आणि ते गृहस्थ वारले आहेत. वारसांची नावं लावून नोंदणीचं नूतनीकरण करायचं आहे, जुना कर किती निघतो तेही बघायचं आहे. तुमच्यापैकी कोणाच्या नात्यात किंवा ओळखीत निवृत्त मोटार वाहन निरीक्षक असतील, विशेषतः नांदेडला काम केलेले, तर जरूर कळवा. पोरगं रविवारी मोकळं असतं.