घोरणे थांबले, पण श्वासाचे काय?

आमचे मेहुणे परभणीचे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण त्यांनी घोरण्याच्या बाबतीत तरी खरी करून दाखविली होती. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची वेळ आली की पाहुणे आपली वळकटी उचलून दुसरे टोक गाठीत. घरात सारा थट्टेचा मामला! पण गेल्या नरकचतुर्दशीला उटणे लावून घेता घेता मेहुणे पाटावरच पेंगू लागले, तेव्हा बहीण हळूच म्हणाली, "दादा, यांच्या घोरण्याची नाही रे भीती वाटत. ते मध्येच थांबतं ना, त्याची वाटते."

तिची भीती रास्त होती. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे पडते, श्वासाची वाट बंद होते. रक्तातला प्राणवायू उतरला की मेंदू दचकतो आणि घुर्रकन श्वास पुन्हा सुरू होतो. यालाच स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. रात्रभरात असे शेकडो वेळा होऊ शकते. झोपणाऱ्याला पत्ता नसतो. दिवसाची पेंग, सकाळची डोकेदुखी, रात्री लघवीला उठणे, गोळ्यांना दाद न देणारा रक्तदाब, ही सारी त्याचीच पिलावळ असू शकते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया यांच्या २००४ सालच्या पाहणीत मध्यमवयीन पुरुषांपैकी जवळजवळ पाचांतल्या एकाचा श्वास झोपेत असा अडखळताना आढळला.

यावर हवेच्या दाबाचे यंत्र आहे. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते १९८१ साली पुढे आणले. पण नाकावरचा तो मुखवटा मेहुण्यांना सोसेना. मग दंतवैद्यांनी दातांचे माप घेऊन कवळीसारखे एक साधन करून दिले. ते खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवते; जबड्याबरोबर जीभ पुढे येते आणि घसा मोकळा राहतो.

पंधरा दिवसांत घोरणे गेले. बहिणीने देवापुढे साखर ठेवली! दंतवैद्य मात्र म्हणाले, "साधन तोंडात ठेवून झोपेची तपासणी पुन्हा करा." आम्हाला हा फाजील खर्च वाटला. तपासणीत दिसले की, आवाज गेला होता, श्वास अडणे निम्मेच कमी झाले होते. साधनाचा स्क्रू आणखी थोडा फिरवावा लागला. ती तपासणी टाळली असती, तर रोग घरातच राहिला असता आणि तोही मुकाट्याने.

वाचकहो, या साधनाकडून फार मोठी अपेक्षाही नको. रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी दोनेक अंशांनीच उतरतो, तेव्हा गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. हृदयविकार टळतो, असेही अजून सिद्ध झालेले नाही. यंत्र श्वासाची वाट अधिक चांगली मोकळी ठेवते. पण साधन माणसे रात्री अधिक वेळ वापरतात, म्हणून रक्तदाबापुरता दोन्हींचा गुण जवळपास सारखाच येतो. आजार तीव्र असेल तर पहिला मान यंत्राचाच. शिवाय वर्षानुवर्षांच्या वापराने दातांची ठेवण थोडी बदलू शकते, म्हणून दंतवैद्यांकडे फेरी चुकवू नये.

परवा बहिणीने यंदाच्या दिवाळीची पहिली चकली मेहुण्यांपुढे ठेवली. "सकाळी नको," ते गाल चोळीत म्हणाले, "जबडा उतरेपर्यंत थांब, दुपारी चार खाईन."