तोफेत बसून चंद्रावर

छोट्या दोस्तांनो,

मे महिन्याच्या सुट्टीत मी बहिणीकडे तिसगावला गेलो होतो. नगरहून पाथर्डीकडे जाताना करंजीचा घाट ओलांडला की थोड्या वेळात तिसगाव येतं. जवळच कानिफनाथांची मढी. जाताना भाच्यासाठी चार पुस्तकं नेली होती. भाचेबुवा यंदा नववीत. पहिलं पुस्तक दोन दिवसांत संपलं आणि तिसऱ्या दिवशी स्वारी माझ्यासमोर हजर. हातात पुस्तक, कपाळावर आठ्या.

“मामा, हे पुस्तक परत न्या. हे चुकलेलं हाये!”

ते पुस्तक होतं ‘चंद्रावर स्वारी’. मूळ लेखक फ्रान्सचा ज्यूल व्हर्न, आणि ते मराठीत आणलंय भा. रा. भागवतांनी. भागवत कोण, हे सांगायला हवं का? फुरसुंगीच्या फास्टर फेणेचे जन्मदाते! व्हर्नच्या विज्ञानकथा त्यांनी अशा ऐटीत मराठीत आणल्या, की वाचताना परक्या देशाची गोष्ट वाचतोय असं वाटतच नाही. ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘समुद्र सैतान’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ अशी एकाहून एक भन्नाट पुस्तकं आहेत. आजची माझी शिफारस हीच.

आता भाच्याच्या तक्रारीकडे वळू. गोष्ट अशी, की अमेरिकेतलं यादवी युद्ध संपतं आणि तोफा बनवणाऱ्या मंडळींना काही उद्योगच उरत नाही. मग ती ठरवतात, चंद्रावरच गोळा डागायचा! फ्लोरिडात जमिनीत ९०० फूट लांबीची तोफ उभी ओततात. दारू म्हणून तिच्यात भरतात स्फोटक कापूस, तोही चार लाख पौंड. म्हणजे सुमारे १८०० क्विंटल! पाथर्डी-शेवगावकडच्या मुलांना कापसाच्या गाड्या ठाऊक आहेत, त्यांनी हिशेब करावा. गोळा ॲल्युमिनियमचा, आत माणसं तीन. दणका बसू नये म्हणून खाली पाण्याची गादी.

भाच्यानं वहीच पुढे केली. नववीतलं गतीचं समीकरण वापरून त्यानं गणित मांडलं होतं. गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर. हा सगळा वेग ९०० फुटांत, म्हणजे जेमतेम २७० मीटरमध्ये घ्यायचा. उत्तर काय आलं माहितेय? आतल्या माणसाला स्वतःच्या वजनाच्या वीस हजारपटींहून जास्त भार सोसावा लागेल! ४० किलोच्या मुलावर ८०० टन! पाण्याची गादी तिथं काय करणार? माणसांचा क्षणात चेंदामेंदा.

“मग? आहे की नाही चुकलेलं?”

गणित बरोबर होतं. मी त्याची पाठ थोपटली, पण पुस्तक काही परत घेतलं नाही. रात्री गच्चीवर अंथरुणं टाकल्यावर त्याला एका शाळामास्तरची हकिगत सांगितली.

रशियात कॉन्स्टंटिन त्सिओलकोव्हस्की नावाचे शिक्षक होते. लहानपणीच्या आजारपणानं त्यांना नीट ऐकू येत नसे. त्यामुळे पुस्तकं हीच त्यांची शाळा. व्हर्नच्या गोष्टींनी आपल्या डोक्याला चालना दिली, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. तोफेनं माणूस जिवंत पोचणार नाही, हे त्यांच्याही ध्यानात आलं. पण त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं नाही. त्यांनी विचारलं, “तोफेनं नाही, तर मग कशानं?” एका दणक्यात वेग न देता तो हळूहळू वाढवत नेला तर? म्हणजे रॉकेट! १९०३ साली त्यांनी त्याचं गणित छापलं. आजही रॉकेट उडवणाऱ्यांना ते लागतंच.

भाचा बराच वेळ चंद्राकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, “म्हंजे माझी चूक काढून झाली, पण पुढचा प्रश्न राह्यला.”

दोस्तांनो, मला हेच सांगायचंय. विज्ञानकथेत चूक सापडली, तर पुस्तक टाकायचं नाही. पेन्सिल उचलायची!

आणि व्हर्नचं बरोबर किती आलं, तेही बघा. पुस्तक १८६५ सालचं. १९६९ साली अपोलो ११ निघालं ते फ्लोरिडातूनच, माणसं तीनच आणि परत उतरलं पॅसिफिक महासागरात. व्हर्नचे प्रवासीही पुढच्या भागात पॅसिफिकमध्येच पडतात! त्याचा गोळा ९७ तासांत चंद्रावर पोचायचा होता. आपल्या चांद्रयान-३ ला २०२३ मध्ये ४० दिवस लागले. का बरं? कमी इंधनात जायचं म्हणून ते पृथ्वीभोवती मोठमोठ्या फेऱ्या मारत गेलं.

आई-बाबांसाठी दोन शब्द. मूल ‘अवांतर’ वाचतंय म्हणून रागावू नका. माझ्या भाच्यानं ते समीकरण परीक्षेसाठी पाठ केलं होतं, पण पहिल्यांदा मनापासून वापरलं ते या पुस्तकापायी. शाळेच्या कपाटात, तालुक्याच्या वाचनालयात ही पुस्तकं शोधा. नसतील तर मागवायला सांगा.

‘समुद्र सैतान’ वाचाल तेव्हा पाणबुडीचा कप्तान नेमो नीट लक्षात ठेवा. हा गूढ माणूस मूळचा कुठला, हे व्हर्ननं ‘मिस्टीरियस आयलंड’ या नंतरच्या कादंबरीत उघड केलंय. मी फोडणार नाही. एवढंच सांगतो, की त्याचं घर आपल्यापासून फार लांब नाही!

आता तुमच्यासाठी कोडं. व्हर्न म्हणतो, गोळ्यातले प्रवासी वाटभर जमिनीवरच्यासारखे उभे राहतात आणि पृथ्वी-चंद्रामधल्या एकाच ठिकाणी तरंगतात. हे चूक आहे. कसं? खूण त्याच पुस्तकात आहे. बाहेर टाकलेला मेलेला कुत्रा गोळ्याच्या बरोबरीनंच चालत राहतो! विहिरीत सोडलेल्या बादलीचा दोर तुटला, तर आतलं पाणी बुडावर दाब देईल का, याचाही विचार करा.

उत्तर पुढच्या आठवड्यात. तोवर पेन्सिलीला टोक काढून ठेवा!

तुमचा,
पुस्तकवाला मामा