आधी रसायनशास्त्र, मग फॉरेन्सिक

सिंधुदुर्गात देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे एखादा मृतदेह सापडला, तर ओळख पटवण्याइतकाच अवघड प्रश्न उरतो: माणूस बुडून मेला, की मेल्यावर पाण्यात टाकला गेला? उत्तर शोधायला डायटम या सूक्ष्म, एकपेशीय शैवालांची मदत घेतात. बुडणाऱ्याच्या फुप्फुसांत पाणी शिरते आणि हृदय चालू असेपर्यंत ही शैवाले रक्तावाटे हाडांच्या मगजापर्यंत पोहोचू शकतात. त्यांचे कवच सिलिकाचे, त्यामुळे मगज आम्लात विरघळवला तरी ते शाबूत राहते. मग घटनास्थळाच्या पाण्यातील शैवालांशी ते ताडून पाहायचे. ही चाचणी निर्णायक मात्र नाही. भांड्यांतून, पाण्यातून बाहेरची शैवाले मिसळू शकतात आणि तिच्या विश्वासार्हतेवर तज्ज्ञांत मतभेद आहेत. त्यात संगमावर भरती-ओहोटीबरोबर खारे-गोडे पाणी सरकत असते, म्हणून तुलनेचा नमुना कुठून आणि कधी घेतला यालाच सारे महत्त्व. असा नमुना नीट समजायला शैवालांच्या जाती ओळखणारा वनस्पतिशास्त्राचा माणूस लागतो.

हे सांगायचे कारण असे, की बारावीनंतर थेट ‘फॉरेन्सिक’ नावाची पदवी गाठायची ओढ सध्या आपल्याकडे वाढली आहे. मालिकांनी ती वाढवली, खासगी संस्थांच्या जाहिरातींनी तिला खतपाणी घातले. माझे मत उलट आहे: आधी रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्राची भक्कम पदवी घ्यावी आणि फॉरेन्सिककडे पदव्युत्तर पातळीवर वळावे. राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांत रोज होणारे काम पाहा. व्हिसेऱ्यातले विष, रक्तातला अल्कोहोल, जप्त केलेले अमली पदार्थ, डीएनए. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर पकडल्या जाणाऱ्या गोवा बनावटीच्या दारूचे नमुनेही शेवटी रसायनशास्त्राच्याच टेबलावर येतात. तिथे गॅस क्रोमॅटोग्राफचा आलेख वाचता आला पाहिजे, आणि तो चुकीचा कधी येतो हेही कळले पाहिजे. त्यातला थरार मालिकेतच.

यावर आक्षेप असा, की आता कायदाच फॉरेन्सिकच्या बाजूने आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे अपेक्षित आहे. मग त्याच विषयाच्या पदवीधरांना मागणी वाढणारच. मागणी वाढेल, हे मान्य. पण या तरतुदीच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे, आणि पदे भरली जाईपर्यंत विद्यार्थ्याने पोट कशावर भरायचे? रसायनशास्त्राच्या पदवीधराला औषध कंपनी, अन्न तपासणी, पाणी तपासणी, शिक्षकी, असे दरवाजे खुले राहतात. अरुंद पदवीला ते निम्मेही नसतात. सरकारी संस्था निरुपयोगी आहेत, असे मी म्हणत नाही. मुंबईत शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, आणि सीमेपलीकडे गोव्यातल्या फोंड्यात राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा परिसर आहे, म्हणजे सावंतवाडीच्या मुलाला मुंबईपेक्षा जवळ. पदवीनंतर तिथे जाणाऱ्याच्या पायाखाली जमीन असेल, एवढेच.

दुसरा आक्षेप वेळेचा. दोन टप्प्यांत वर्षे जातात आणि घरची परिस्थिती थांबत नाही. खरे आहे, पण न्यायालयात उलटतपासणीला उभे राहिल्यावर वकील विचारतो ते पदवीचे नाव नव्हे, तर पद्धतीतल्या त्रुटी. कायद्याने सरकारी तज्ज्ञाचा अहवाल साक्षीविना पुरावा म्हणून घेता येतो, तरी न्यायालय त्याला बोलावू शकते. त्या दिवशी पाया कच्चा असेल तर आरोपी सुटतो किंवा निर्दोष अडकतो.

शासनाकडे मागणी वेगळी आहे. सिंधुदुर्गचे जिल्हा रुग्णालय ओरोसला, प्रादेशिक प्रयोगशाळा कोल्हापूरला. मुद्देमाल घाट चढून जातो. निदान नमुने नीट घेणारे कायमस्वरूपी प्रशिक्षित कर्मचारी तरी जिल्ह्यात नेमा. आणि पालकांनो, खासगी महाविद्यालयाची फी भरण्याआधी एवढेच विचारा: प्रयोगशाळेत कोणती यंत्रे आहेत, आणि ती मुलांना हाताळू देतात का?