पनवेल : दोन गावांचा एक मतदारसंघ आणि २००१ सालचा नकाशा

पनवेलचा मतदार रायगड जिल्ह्यात राहतो. पण ‘रायगड’ नावाच्या लोकसभा मतदारसंघात त्याने आजवर एकदाही मत दिलेले नाही.

वाचून चुकल्यासारखे वाटेल, म्हणून क्रम सांगतो. कुलाबा जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ रोजी ‘रायगड’ झाले. लोकसभा मतदारसंघाचे नाव मात्र २००४ च्या निवडणुकीपर्यंत कुलाबाच राहिले. २००८ च्या परिसीमनाने ‘रायगड’ हा मतदारसंघ एकदाचा निर्माण केला आणि त्याच आदेशाने पनवेलला त्यातून बाहेर काढले. पनवेल, कर्जत आणि उरण हे कोकणातले तीन विधानसभा मतदारसंघ घाटमाथ्यावरच्या मावळ, चिंचवड आणि पिंपरी यांच्याशी जोडून ‘मावळ’ लोकसभा मतदारसंघ झाला. खाडीकाठचा कोळी आणि पिंपरीतला कारखान्याचा कामगार २००९ पासून एकच खासदार निवडतात. मध्ये बोरघाट उभा आहे, ही गोष्ट नकाशा काढणाऱ्यांना अडचणीची वाटली नसावी.

अर्थात पनवेलला हे नवे नाही. एकोणिसाव्या शतकात हा तालुका ठाणे जिल्ह्यात होता. १८८३ मध्ये तो कुलाब्याला जोडला गेला. सीमेवरच्या गावाला नेहमी कुणीतरी दुसराच आपल्या हिशोबात धरतो. या थ्रेडमध्ये मला हेच मांडायचे आहे, की पनवेलच्या राजकारणाचा इतिहास घराण्यांच्या आणि पक्षांतरांच्या गोष्टींपेक्षा भूगोलातून अधिक चांगला कळतो. आणि आज त्या भूगोलावर टाकलेली रेषा खोटी ठरली आहे.

आधी जुने पनवेल पाहू. माथेरानच्या डोंगरातून उतरणारी गाढी नदी जिथे खाडीला मिळते, तिथे हे गाव वसले. घाट उतरून आलेला माल इथे गाडीतून होडीत चढायचा. गावात बंदर, तांदळाची पेठ, वाडे आणि बेने इस्रायलींचे सिनेगॉग होते. १८५२ मध्ये स्थापन झालेली नगरपालिका महाराष्ट्रातल्या अगदी आरंभीच्या नगरपालिकांपैकी एक. ब्रिटिश गॅझेटियरने नोंदवलेला इथला मुख्य उद्योग मोठा गमतीचा आहे : बैलगाडीची चाके. देशावरून येणारी गाडी परतताना चाकांची एक जोडी घेऊन जायची म्हणे. पुढे याच पनवेलने अर्धशतकभर ज्या पक्षाला निष्ठेने मते दिली, त्या शेतकरी कामगार पक्षाची निशाणी ‘खटारा’ होती. यात कार्यकारणभाव शोधू नका, योगायोगच आहे. पण इतिहासात असे योगायोग भेटले की हात थांबतो.

गावाबाहेर भातशेती, खारजमिनी आणि मिठागरे होती. आगरी, कराडी, कोळी वस्ती आणि डोंगराच्या पायथ्याला ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या होत्या. कुलाबा जिल्ह्यात जमिनीचा प्रश्न म्हणजे खोतीचा प्रश्न. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून संप केला. त्या संपाने कूळ म्हणून राबणाऱ्या माणसाला संघटना म्हणजे काय ते शिकवले. शेकाप या जिल्ह्यात एवढा खोल रुजला, तो या पार्श्वभूमीवर.

१९५७ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत दि. बा. पाटील पनवेलमधून विधानसभेवर गेले. जासईच्या शेतकरी घरातला हा वकील पुढे एकूण पाच वेळा आमदार आणि दोन वेळा खासदार झाला. (याच कुलाब्याने १९५२ मध्ये चिंतामणराव देशमुखांना लोकसभेत पाठवले होते आणि मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडले होते; म्हणजे जमीन आधीच तापलेली होती.) आणि त्याच वर्षी, १ एप्रिल १९५७ रोजी, कूळ कायद्यातल्या दुरुस्तीनुसार ‘कृषक दिन’ उगवला : कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले.

आता तेरा वर्षे पुढे या. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवायचे ठरले आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जे कूळ १९५७ मध्ये मालक झाले, त्याच्याच हाती तेरा वर्षांनी संपादनाची नोटीस पडली. सातबाऱ्यावर नाव चढायला पिढ्या गेल्या आणि ते उतरायला एक अधिसूचना पुरली. हा क्रम ध्यानात घेतला नाही, तर १९८४ चा जासईचा लढा नुसता ‘भावासाठीचे भांडण’ वाटतो. तसा तो नव्हता.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्याच वर्षअखेर लोकसभेची निवडणूक आली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती लाट. महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसकडे गेल्या. उरलेल्या पाचांत बारामतीचे शरद पवार होते, राजापूरचे मधू दंडवते होते, गिरणी संपाचे दत्ता सामंत होते आणि कुलाब्याचे दि. बा. पाटील होते. देशभर सहानुभूतीने मतदान होत असताना इथल्या मतदाराने आपले दुःख वेगळे मोजले.

या लढ्यातून साडेबारा टक्क्यांचे तत्त्व पुढे आले : संपादित जमिनीच्या प्रमाणात विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत द्यायचा. महाराष्ट्राच्या भूसंपादनाच्या इतिहासातली ही मोठी कमाई आहे, यात शंका नाही. पण तिचा एक परिणाम फारसा कुणी सांगत नाही. शेतकऱ्याला भूखंड मिळाला, बांधायला भांडवल नव्हते. मग बिल्डर आला. भागीदारीत किंवा विक्रीने त्या भूखंडांवर इमारती उभ्या राहिल्या. कामोठ्याचा मोठा भाग आणि खारघरच्या कितीतरी गल्ल्या अशाच वाढल्या. त्या इमारतींत साताऱ्याचे, खानदेशचे, मराठवाड्याचे, उत्तर प्रदेशचे, केरळचे लोक राहायला आले. ते गिरगाव-परळमधून बाहेर फेकलेले होते, बँकेचे कर्ज काढून घर घेतलेले होते, सकाळच्या लोकलला लटकणारे होते. त्यांना जासई ठाऊक नव्हते आणि ते ठाऊक असण्याचे कारणही नव्हते.

म्हणजे शेकापच्या सर्वांत मोठ्या विजयानेच शेकापचा मतदार अल्पसंख्य केला. माझ्या मते पनवेलच्या राजकारणातली ही मध्यवर्ती घटना आहे, आणि तिला एकच तारीख नाही.

तारीख शोधायचीच असेल तर लोक २००९ दाखवतात. १९९५ पासून सलग तीनदा पनवेलमधून निवडून आलेले विवेक पाटील नव्या रचनेत उरणला गेले आणि तिथे जिंकले. पनवेलमध्ये काँग्रेसचे प्रशांत ठाकूर निवडून आले. त्यांचे वडील रामशेठ ठाकूर १९९८ आणि १९९९ मध्ये शेकापचेच खासदार होते. फूट घरातूनच सुरू झाली होती. पुढे २०१४ मध्ये प्रशांत ठाकूर काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले आणि त्या पक्षांतराचे जाहीर कारण होते खारघरचा टोलनाका. याकडे नीट पाहा. १९८४ मध्ये इथे प्रश्न होता जमिनीचा; २०१४ मध्ये तो होता जमिनीवरून जाणाऱ्या रस्त्याचा. ती निवडणूक शेकापचे बाळाराम पाटील सुमारे १३ हजार मतांनी हरले. २०१९ मध्ये ठाकुरांचे मताधिक्य ९२ हजारांवर गेले आणि २०२४ मध्ये ते ५१ हजारांवर आले. महापालिकेच्या २०१७ मधल्या पहिल्या निवडणुकीत ७८ पैकी ५१ जागा भाजपच्या, तर २३ शेकापच्या होत्या. म्हणून शेकाप संपला म्हणणे चूक. गावठाणांत तो अजून आहे. गावठाणेच इमारतींमागे दिसेनाशी झाली आहेत.

‘नव्या’ मतदाराबद्दल जुने पनवेलकर कधीकधी तुच्छतेने बोलतात : मतदानाला जोडून सुट्टी आली की हे लोक गावी जातात. २०२४ मध्येही इथले मतदान साठ टक्क्यांच्या आतच राहिले, हे खरे. पण त्या मतदाराची कैफियतही ऐकायला हवी. कळंबोली, कामोठे, खारघर इथल्या सोसायट्यांचा कारभार वर्षानुवर्षे सिडको पाहत होती. सिडको ही सरकारी कंपनी; तिथे नगरसेवक नसतो. गटार तुंबले तर तक्रार करायची, मत देऊन कुणाला बदलता येत नाही. १९९२ मध्ये नवी मुंबई महापालिका सुरू झाली तेव्हाही हे नोड बाहेरच राहिले. पनवेल महापालिका स्थापन झाली १ ऑक्टोबर २०१६ रोजी. लगेच मालमत्ता कराचा वाद पेटला : सिडकोला सेवाशुल्क भरलेल्या काळासाठी पालिकेलाही कर का द्यावा? पुढे जुलै २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच कारभार पाहत राहिले. ज्या माणसाच्या वाट्याला आयुष्यात जेमतेम पाच वर्षे नगरसेवक आला, त्याच्या उदासीनतेवर प्रवचन देणे मला जमत नाही.

आता आकड्यांकडे येतो. २००८ चे परिसीमन २००१ च्या जनगणनेवर झाले. २००१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख आणि जागा २८८, म्हणजे एका आमदारामागे सरासरी ३ लाख ३६ हजार माणसे. त्या वेळी खारघर नुकते वसू लागले होते. त्या विरळ वस्तीवर जी रेषा आखली गेली, तिच्यात २०२४ मध्ये साडेसहा लाखांच्या घरात नुसते मतदार होते. त्याच निवडणुकीत राज्याची सरासरी सुमारे ३ लाख ३७ हजार मतदारांची होती. पनवेलच्या मताचे वजन सरासरी मताच्या जवळजवळ निम्मे! आणि हे तेव्हा, जेव्हा पनवेल तालुक्याचा काही भाग आधीच उरण मतदारसंघात टाकलेला आहे.

जगात असे इतरत्रही घडले आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अटलांटा शहराच्या पाचव्या काँग्रेस मतदारसंघात ८ लाख २३ हजार लोक होते, तर त्याच राज्याच्या नवव्यात अवघे २ लाख ७२ हजार. दोघांनाही एकेकच प्रतिनिधी. १९६४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही विषमता घटनाबाह्य ठरवली. राज्याच्या सरासरीशी तुलना केली तर अटलांटाची स्थिती साधारण आजच्या पनवेलसारखीच होती. आपल्याकडे हा मार्ग सोपा नाही. घटनेच्या १७० व्या कलमात लोकसंख्येचे प्रमाण शक्य तितके समान ठेवण्याची अपेक्षा आहे. पण ३२९ वे कलम परिसीमनाच्या कायद्याला न्यायालयीन आव्हानापासून संरक्षण देते, आणि ८४ व्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत जागांची फेररचना थांबवली. या थांबण्यामागे लोकसंख्या नियंत्रणात ठेवणाऱ्या राज्यांवर अन्याय होऊ नये हा हेतू होता, आणि तो रास्तच होता. पण राज्याराज्यांमधला तोल सांभाळताना राज्याच्या आतला तोल असा ढळला.

पुढच्या परिसीमनात पनवेलचे दोन मतदारसंघ होतील असे मला वाटते. ते व्हायला हवेत. वाद असेल तो रेषा कुठून जाणार याचा. सर्वांत सोपी रेषा म्हणजे सायन-पनवेल महामार्ग किंवा रेल्वे : एका बाजूला सोसायट्या, दुसऱ्या बाजूला गावे आणि वाड्या. कागदावर ती फार नेटकी दिसेल. मला तिचीच भीती वाटते. जुने पनवेल शहर ज्या देहरंग धरणाचे पाणी पिते, ते गाढी नदीवर, डोंगराच्या पायथ्याला, आदिवासी वाड्यांच्या शेजारी आहे. आज नळाला पाणी नाही म्हणून ओरडणारा आणि धरणाच्या शेजारी राहून हंडा डोक्यावर वाहणारी बाई, दोघांनाही एकाच आमदाराच्या दारात जावे लागते. त्याला दोघांना तोंड द्यावे लागते. सुकापूर, विचुंबे अशी नवीन पनवेलला चिकटलेली, दिसायला शहर आणि कागदावर ग्रामपंचायत असलेली गावे कुठल्या बाजूला टाकणार? साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर वरच्या मजल्यावर भाडेकरू आणि खालच्या घरात मूळ मालक राहतो, तिथे रेषा जिन्यातून काढणार का?

हरकती आणि सूचना मागवण्याची एक मुदत त्या वेळी जाहीर होईल. २००८ च्या रचनेच्या वेळीही प्रारूप प्रसिद्ध झाले होते आणि हरकती मागवल्या गेल्या होत्या. खारघरमधून तेव्हा हरकत घ्यायला फारसे कुणी राहतच नव्हते. या वेळी तिथे लाखो लोक आहेत आणि हा थ्रेड वाचणाऱ्यांपैकी काही जण त्यांतलेच असतील. तालुक्याचा नकाशा, गावांची यादी आणि मतदान केंद्रांचा तक्ता आतापासून जवळ ठेवा. हरकत अर्जात गावाचे नाव आणि रेषेला असलेले कारण, दोन्ही लिहावे लागते.