भांडण दोघांचं, हाल घोड्याचे
घोड्यावर बसायची हौस असली तरी फ्लॅटच्या पार्किंगमध्ये घोडा बांधता येत नाही! मग लोकलने जाऊन-येऊन बेगडेवाडीकडच्या एखाद्या तबेल्यात तो ठेवायचा, तर तबेलामालकाशी जमवून घ्यावंच लागतं. पण म्हणून सगळं गप्प ऐकायचं असं नाही. घोड्याला उलटी होत नाही. चारा अचानक बदलला तर पोटशूळ जिवावर बेतू शकतो. त्यामुळे चंदी किती, नालबंद कधी येणार, रात्री डॉक्टरला कोण बोलावणार, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. पैसे वेळेवर द्या. मोतद्दाराला परस्पर हुकूम सोडू नका. तक्रार असेल तर मालकाशी समोरासमोर बोला, ग्रुपवर टोमणे नकोत. आपण दोघं रुसून बसलो, तर घोडा कुणाकडे तक्रार करणार?