मोजमाप कोणी लिहायचं?

मी राहते त्या शहराला स्वतःचे पोलीस नाहीत. चोर आहेत, अपघात आहेत, रात्री अकरानंतर मोठ्यानं गाणी लावणारे शेजारी आहेत. पोलीस मात्र शहर काउंटीकडून विकत घेतं. शहराचं नाव कूपरटिनो. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत आहे. ॲपलचं मुख्यालय इथलं, त्यामुळे नाव बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेलं असतं. २०२० च्या जनगणनेत वस्ती साठ हजारांच्या थोडी वर भरली. म्हणजे आपल्याकडची एक मध्यम नगरपालिका. दोन तृतीयांशांहून अधिक लोक आशियाई वंशाचे. भाजी घेताना मराठी कानावर पडलं तर इथे कुणी मागे वळून बघत नाही.

भारतातून कुणी पाहुणे आले की ही पोलिसांची गोष्ट त्यांना खोटी वाटते. सिक्युरिटी एजन्सीचे रखवालदार असतील, असं ते समजतात. तसं नाही. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा आणि शेरीफ म्हणजे तिथला पोलीसप्रमुख. फक्त तो मुंबईहून नेमून येत नाही, लोकांच्या मतांवर निवडून येतो. शहर त्याच्याशी करार करतं: गस्तीचे इतके तास, इतके तपास अधिकारी, वाहतुकीला इतके, शाळांसाठी इतके, आणि त्याचे इतके डॉलर. शेजारची साराटोगा आणि लॉस आल्टोस हिल्स ही शहरंही असंच करतात. करारानं आलेला डेप्युटी, म्हणजे शेरीफचा माणूस, हा पूर्ण अधिकाराचा, पेन्शनीचा पोलीस असतो. राज्याच्या नियमानं त्याचं अकादमीतलं प्रशिक्षण किमान ६६४ तासांचं व्हावं लागतं. त्याची स्वतःची नोकरी कंत्राटी नसते.

ही पद्धत सुरू झाली लॉस एंजेलिसजवळच्या लेकवूडपासून. शेजारचं लाँग बीच आपल्याला गिळणार, या भीतीनं लेकवूडकर १९५४ साली वेगळं शहर झाले; पण नवं पोलीस खातं, नवं अग्निशमन खातं उभारायला पैसे कुठून आणणार? त्यांनी सगळी कामं काउंटीकडूनच करारानं घेतली. पुढच्याच वर्षी राज्यानं कायदा करून शहरांना विक्रीच्या एक टक्का इतका स्थानिक विक्रीकर मिळवून दिला आणि कागदावरच्या शहरांचं पीक आलं. आज नुसत्या लॉस एंजेलिस काउंटीत चाळीसहून अधिक शहरं शेरीफचे पोलीस घेतात. कूपरटिनोही १९५५ चंच. इथे आग विझवायला काउंटीचा बंब येतो आणि वाचनालयही काउंटीचंच. शहर म्हणजे जवळजवळ एक करारांची फाइल.

मी पेशानं हिशेबनीस आहे आणि हवालदाराची मुलगी. लहानपण पोलीस लाइनीत गेलं. त्यामुळे दरवर्षी शेरीफचा कॅप्टन कम्युनिटी हॉलमध्ये नगर परिषदेपुढे उभा राहून वर्षाचा लेखाजोखा मांडतो, तेव्हा मी जमलं तर जाऊन बसते. पडद्यावर तक्ते येतात. घरफोड्या किती, गाड्या किती फुटल्या, तातडीच्या फोनला गाडी किती मिनिटांत पोचली, मागच्या वर्षापेक्षा किती टक्के वर, किती टक्के खाली. मग नागरिकांची पाळी. कुणी शाळेपुढच्या वेगाबद्दल बोलतं, कुणी नंबरप्लेट टिपणारे कॅमेरे मागतं, कुणी त्याच कॅमेऱ्यांना विरोध करतं. कॅप्टन सगळ्यांना उत्तरं देतो. आमच्या लाइनीत ज्या साहेबांच्या बुटांच्या आवाजानं अंगण गप्प व्हायचं, त्या पदाचा माणूस इथे एका आजींना त्यांच्या गल्लीतल्या पार्किंगबद्दल समजावून सांगत उभा असतो. हे मला आजही फार आवडतं, आणि पुढे मी जी तक्रार करणार आहे ती हे मान्य करूनच.

तक्रार त्या टक्क्यांबद्दल आहे. साठ हजार वस्तीच्या शहरात गंभीर गुन्हे मुळातच इतके थोडे की टक्केवारीला अर्थ राहत नाही. दोनाचे तीन झाले की पन्नास टक्के वाढ. ५ ऑक्टोबर २०११ ची पहाट इथले जुने लोक विसरलेले नाहीत. गावालगतच्या डोंगरातल्या सिमेंटच्या खाणीत एका कामगारानं सहकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, तीन माणसं गेली. एका सकाळीनं वर्षाचा तक्ता उलटापालटा करावा अशी घटना. त्यातही खाणीचा बराचसा भाग शहराच्या हद्दीबाहेर, काउंटीच्या मोकळ्या जमिनीत. म्हणजे ते खून कुणाच्या रकान्यात, हे नकाशावरची रेघ ठरवणार. भीतीला अशी रेघ नसते.

मोजायची पद्धतही मध्येच बदलते. १ जानेवारी २०२१ पासून एफबीआयनं जुनी पद्धत बंद केली. जुन्यात एका घटनेतला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जायचा. नव्यात त्याच घटनेतले बाकीचे गुन्हेही नोंदतात. चोरानं दार फोडलं, गाडी पळवली आणि मालकाला ढकललं, तर पूर्वी एक नोंद होती तिथे आता तीन होऊ शकतात. चोर तोच, आकडा मोठा. त्याच्या उलटही घडतं. गाडीची काच फुटून बॅग गेली की इथले कितीतरी लोक तक्रारच करत नाहीत. विम्यात आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम नुकसानापेक्षा मोठी असते, मग कशाला फॉर्म भरायचा? अमेरिकेच्या सरकारी पाहणीत दरवर्षी दिसतं की मालमत्तेच्या गुन्ह्यांतले निम्म्याहून कमीच पोलिसांपर्यंत पोचतात. त्यात २०१४ मध्ये राज्याच्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव ४७ नं ९५० डॉलरपर्यंतची बहुतेक चोरी किरकोळ गुन्ह्यात टाकली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात मतदारांनीच प्रस्ताव ३६ आणून त्यातला काही भाग मागे फिरवला. दोन वर्षांच्या आकड्यांमध्ये असा कायदा बदलला की तुलना करणारा तक्ता नुसता शोभेचा.

आपल्या लोकांची भीती तर वेगळ्याच वजनकाट्यावर असते. दिवाळी जवळ आली की व्हॉट्सॲपवर निरोप फिरू लागतात: सोनं लॉकरमध्ये ठेवा, मागचं दार तपासा. ही नुसती अफवा नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात याच काउंटीतल्या शहरांत साडी नेसलेल्या, कुंकू लावलेल्या वयस्कर बायकांच्या गळ्यातली मंगळसूत्रं आणि साखळ्या ओढून नेल्याच्या डझनाहून अधिक घटना झाल्या. सरकारी वकिलांनी त्यात द्वेषगुन्ह्याचंही कलम लावलं. काउंटीच्या एकूण गुन्ह्यांत हे डझनभर प्रसंग दिसणारही नाहीत. पण माझ्या ओळखीच्या कितीतरी बायकांनी तेव्हा मंगळसूत्र काढून ठेवलं, काहींनी ते पुन्हा घातलंच नाही. कॅप्टनच्या तक्त्यात याला रकाना नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे रस्त्याचं कंत्राट दिलं की खडी किती पडली, डांबर किती जाडीचं, हे मोजमाप पुस्तकात, म्हणजे एमबीत, लिहितो तो खात्याचा इंजिनिअर. एमबी कंत्राटदारानं लिहायची नसते. (लिहितो कोण आणि सही कोणाची, हे आपण सगळे जाणतो. पण नियम तरी आहे.) इथे पोलिसांचं काम विकणारा शेरीफ, आणि ते काम किती व कसं झालं याचा तक्ता मांडणाराही शेरीफच. कंत्राटदार एमबी बगलेत मारून सभेला येतो, आपण टाळ्या वाजवतो. हिशेब तपासणीच्या कुठल्याही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं यावर लाल शाई फिरवली असती.

हे नुसतं पुस्तकी नाही. दक्षिणेकडच्या कॉम्प्टन शहरानं २००० साली स्वतःचं पोलीस खातं मोडीत काढलं आणि लॉस एंजेलिसच्या शेरीफशी करार केला. तिथे गस्तीची आकारणी मिनिटांत होते. पुढे हेच शहर शेरीफच्या खात्याविरुद्ध कोर्टात गेलं. आरोप असा की न केलेल्या गस्तीची मिनिटं आमच्या बिलात लावली. आरोपाचं खरंखोटं काहीही असो, पण मिनिटं मोजायला शहराचा स्वतःचा माणूस असता तर गोष्ट वकिलांपर्यंत गेली असती का, हा प्रश्न उरतोच.

आणि माल खराब निघाला तर विक्रेता बदलणंही सोपं नाही. आमच्या काउंटीच्या शेरीफ लॉरी स्मिथ १९९८ मध्ये निवडून आल्या. कॅलिफोर्नियात मतांवर शेरीफ झालेल्या त्या पहिल्या बाई. हवालदाराच्या मुलीला त्याचं अप्रूप होतं, ते लपवत नाही. सहा वेळा निवडून आल्या. मग बंदुकीचे परवाने निवडणुकीला मदत करणाऱ्यांना दिल्याचे आरोप झाले. काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळानं २०२१ मध्ये अविश्वासाचा ठराव केला, पण निवडून आलेल्या शेरीफला ठरावानं काढता येत नाही. त्यांनी ३१ ऑक्टोबर २०२२ ला पद सोडलं आणि तीन दिवसांनी ज्यूरीनं त्यांना सहाही आरोपांत दोषी ठरवलं. या सगळ्या काळात आमच्या रस्त्यांवरच्या गस्तीत मला काही फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण कूपरटिनोची नगर परिषद काय करू शकत होती? करार मोडून नवं खातं उभारणं? इमारत, गाड्या, कोठडी, पेन्शन. तेवढे पैसे असते तर करार केलाच नसता.

पैशांचीही गंमत बघा. ज्या विक्रीकराच्या जिवावर अशी शहरं उभी राहिली, तोच इथे डळमळला. ॲपलची कॅलिफोर्नियातली ऑनलाइन विक्री कूपरटिनोच्या खात्यावर दाखवली जायची. २०२३ मध्ये राज्याच्या कर खात्याच्या तपासणीनंतर शहराला जाहीर करावं लागलं की विक्रीकराचं उत्पन्न जवळजवळ तीन चतुर्थांशानं घटेल. मग कात्री कुठे लावायची? करमणुकीच्या कार्यक्रमांना, नोकरभरतीला, झाडांच्या देखभालीला. पोलिसांच्या बिलाला हात लावणं सर्वांत अवघड, कारण डेप्युटींचे पगार काउंटी आणि त्यांची युनियन ठरवतात. त्या टेबलावर शहराला खुर्ची नसते. म्हणूनच मी म्हणते, जे बिल कमी करता येत नाही ते निदान नीट तपासायला तरी हवं. शहरानं आपला एक माणूस नेमावा, शेरीफच्या पगारावर नसलेला. त्यानं आपत्कालीन फोनच्या नोंदी आणि लिहिलेले रिपोर्ट ताडून बघावेत, तक्रार न केलेल्या घरांची पाहणी करावी, एका वर्षाच्या टक्क्यांऐवजी दहा वर्षांचे सरळ आकडे मांडावेत. एका माणसाच्या पगारात हे होईल.

महाराष्ट्रात २०२३ च्या जुलैत कंत्राटी पोलिसांवरून गदारोळ झाला, तेव्हा मला तिथून फोन करून विचारणारे होते: तुमच्याकडे तर चालतंच ना? मुंबई पोलिसांत दहा हजारांच्या आसपास शिपाई कमी होते, म्हणून राज्य सुरक्षा महामंडळाचे तीन हजार जवान तात्पुरते घ्यायचं ठरलं होतं, अकरा महिन्यांसाठी. भरती पूर्ण होईपर्यंतची ही सोय आहे, असं सरकारनं सांगितलं. दोन्हींना कंत्राटी म्हटलं तरी दोन्हींत काही साम्य नाही. कूपरटिनोत करार दोन सरकारांमध्ये असतो, पोलीस कायम असतो. महाराष्ट्रात सरकार कायम आणि माणूस अकरा महिन्यांचा. अकरा महिन्यांनी घरी जाणाऱ्या पोरानं बीटावरच्या गुंडाशी वैर का घ्यावं, हे मला लाइनीतल्या कुठल्याही बाईनं सांगितलं असतं. बंदोबस्त विकण्याचा अनुभव तर आपल्याला जुनाच आहे: क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताचे दर सरकारनं २०२३ मध्ये कमी केले, तेही २०११ पासून मागे जाऊन. विकायचं तर वसुली तरी करा.

आपल्याकडे इथला करार न्यावा असं मला अजिबात वाटत नाही. न्यायची झाली तर ती वार्षिक सभा न्यावी, आणि तिच्यात इथे जी उणीव आहे ती भरून न्यावी. कारण एमबी कंत्राटदाराच्या हाती असण्याचं दुखणं आपलं जास्त जुनं आहे. वडील म्हणायचे, गुन्हा दोन ठिकाणी घडतो, एकदा रस्त्यावर आणि एकदा रजिस्टरात. रजिस्टरातला साहेबांना टाळता येतो. चोरीला गेलेला मोबाइल ‘गहाळ’ म्हणून लिहिला की चोरी कमी झाली. मारहाण एनसीवर, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर, भागली की दखलपात्र गुन्हा वाढला नाही. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार आली तर एफआयआर घेतलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगून ठेवलं आहे. तरी किती जणांना ठाण्यात दुपारभर बसवून अर्ज घेऊन परत पाठवलं जातं, हे वाचकांना मी सॅन फ्रान्सिस्को बेवरून सांगायची गरज नाही.

म्हणून मागणी साधी आहे. वर्षातून एकदा डीवायएसपींनी नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत, दारं उघडी ठेवून, तालुक्याचे आकडे मांडावेत. एफआयआर किती, एनसी किती, गहाळच्या नोंदी किती, नुसते अर्ज किती, चारही शेजारी शेजारी. आणि ते मांडण्याआधी बाहेरच्या माणसानं, जिल्ह्यातल्या कॉलेजच्या संख्याशास्त्राच्या मास्तरांनी म्हणा, ठाण्यात बसून गहाळच्या रजिस्टरातल्या शंभर नोंदी काढाव्यात आणि त्या शंभर जणांना फोन करून विचारावं: मोबाइल हरवला होता, की कुणी मारला होता? नव्या कायद्याची वाट बघायला नको. एसपींनी मनावर घेतलं तर येत्या जानेवारीत होईल.