यादी पाठ, वाक्य सपाट

इंग्रजीतली विशेषण उपवाक्ये ओळखायला शिकवताना मुलांच्या हाती बहुधा एक यादी ठेवली जाते: हू, विच, दॅट, व्हेअर, व्हेन. यातला शब्द दिसला की अधोरेखन करा आणि गुण घ्या. ही युक्ती फसवी आहे. 'आय नो द मॅन हू केम' यात 'हू केम' हे 'मॅन'बद्दल सांगते, म्हणून ते विशेषण उपवाक्य. पण 'आय नो हू केम' म्हटले की तेच दोन शब्द 'नो'चे कर्म होतात, म्हणजे नाम उपवाक्य. 'द न्यूज दॅट ही ब्रॉट' आणि 'द न्यूज दॅट ही रिझाइन्ड' ही जोडी तर भल्याभल्यांना चकवते. पहिलीत कोणती बातमी ते कळते, दुसरीत बातमीचा मजकूरच येतो. म्हणूनच पहिल्या 'दॅट'च्या जागी 'विच' चालते, दुसऱ्याच्या जागी नाही. उलट 'द बुक आय बॉट'मध्ये यादीतला एकही शब्द नाही, तरी 'आय बॉट' विशेषण उपवाक्यच. पदबंधांचेही तसेच. 'आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप' यात दुर्बीण त्या माणसाकडे असेल तर शेवटचे तीन शब्द विशेषण, मी दुर्बिणीतून पाहिले असेल तर क्रियाविशेषण. नुसते शब्द पाहून याचा निकाल कसा लावणार?

साठ मुलांच्या वर्गात एवढा काथ्याकूट कोण करणार, हा आक्षेप खरा आहे. पण 'कोणत्या शब्दाबद्दल सांगितले आहे?' हा एकच प्रश्न यादीपेक्षा लांब नाही, आणि 'जो पाहुणा काल आला, तो' म्हणणाऱ्या मुलाला तो परकाही नाही. दुसरा आक्षेप असा की बोलता येणे महत्त्वाचे, नावे कशाला? नावांचा मलाही सोस नाही. पण 'द पॅसेंजर्स हू हॅड टिकेट्स वेअर अलाउड इन' यात तिकीटवाल्यांनाच प्रवेश मिळतो, आणि उपवाक्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिले की सगळ्यांकडेच तिकिटे होती असा अर्थ होतो. करारात असा स्वल्पविराम महागात पडू शकतो. हा भेद 'दॅट' आणि 'विच' वाटून घेऊन दाखवावा, असे इंग्रजी कोशकार फाउलर यांनी शब्दवापराच्या आपल्या १९२६च्या कोशात सुचवले. बहुतेक लेखक तसे करत नाहीत, हेही त्यांनीच मान्य केले. म्हणजे इथेही नुसत्या शब्दावरून भेद कळत नाही. मग आपल्या प्रश्नपत्रिकेत तरी 'उपवाक्य ओळखा' एवढ्यावर न थांबता, ते ज्या शब्दाला लागते तिथपर्यंत बाण काढायला सांगावे आणि निम्मे गुण त्या बाणाला ठेवावेत.